आक्कांची कॉफी आणि यंत्रातला चुना



आमच्याकडे कॉफीचं यंत्र आलं ते मुलाच्या हौसेनं. तो पुण्याला असतो. एका दिवाळीला येताना हे चकचकीत धूड घेऊन आला, चार दिवस सगळ्यांना कॉफी पाजली आणि परत गेला. यंत्र ओट्यावर राहिलं. त्याचा खरा वापर सुरू केला तो आमच्या आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. वय एक्याऐंशी. सकाळी मंदिरातून अभिषेक बघून आल्या की एक छोटा कप, आणि दुसरा दुपारी चारला, कारण सूर्यास्ताच्या आत सगळं आटपायचं असतं. बाकी त्यांना कसलाही शौक नाही. ही कॉफीची गोडी लागली १९८१ साली. बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून जो महामस्तकाभिषेक झाला, त्याला त्या गावच्या बसनं श्रवणबेळगोळला गेल्या होत्या. तिथून हासन, सकलेशपूरचा घाट उतरून मूडबिद्री. आपल्यापैकी बहुतेकींनी ही वाट पाहिलेली आहे, दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे. त्या वाटेवर प्यालेली कॉफी आक्का अजून काढतात.

तर आठ-नऊ महिने यंत्र छान चाललं. मग कॉफीची धार बारीक होत गेली, शेवटी थेंब थेंब. आवाजही बदलला, गुरगुरण्याऐवजी खडखड. दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर त्यानं उघडूनही न बघता सांगितलं, "आत चुना धरलाय. ही पावडर घाला पाण्यातून. नाही सुटलं तर नवीन घ्या, दुरुस्ती परवडणार नाही."

पुडी घेऊन घरी आले. आक्कांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "काय असतंय गं ह्यात? यंत्रात जाऊन परत माझ्याच कपात येणार नव्हं?"

मला उत्तर देता आलं नाही. आक्कांचा नियम साधा आहे: ज्याचं मूळ माहीत नाही ते तोंडात घालायचं नाही. म्हणून मी वाचायला बसले. वाचायचं होतं एका पुडीबद्दल, पण हाती लागला त्या यंत्राचाच सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास, आणि तो मला वाटलं त्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचा निघाला.

हे यंत्र मूळचं इटलीचं. तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो नावाचे एक गृहस्थ होते, हॉटेल आणि कॉफीगृह चालवायचे. गिऱ्हाईक घाईत आणि कॉफी गाळायला वेळ लागतो, ही त्यांची अडचण. त्यांनी वाफेच्या जोरावर एकदम पुष्कळ कॉफी काढणारं यंत्र करवून घेतलं आणि १८८४ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्याच वर्षी तुरीनच्या मोठ्या प्रदर्शनात ते ठेवलं, कांस्यपदक मिळालं. पण त्यांनी ते विकायला काढलं नाही, आपल्याच दुकानांत वापरलं. त्यामुळे नाव झालं दुसऱ्यांचं.

ते दुसरे म्हणजे मिलानचे लुईजी बेझेरा. १९०१ सालच्या त्यांच्या पेटंटमध्ये आजच्या यंत्राची खूण दिसते. कॉफीची पूड एका छोट्या जाळीच्या वाटीत भरायची, वाटीला दांडा, तो दांडा यंत्राच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायचा आणि वरून उकळतं पाणी सोडायचं. एका गिऱ्हाइकाला एक कप, त्याच्यासमोर ताजा. बेझेरांना यंत्र सुचलं, पण धंदा जमला नाही. ते पेटंट देसिदेरिओ पावोनी यांनी घेतलं, १९०५ साली 'ला पावोनी' हा कारखाना सुरू झाला, आणि १९०६ च्या मिलानच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ही कॉफी चाखली. एस्प्रेसो या शब्दात तीन अर्थ एकत्र आहेत: झटपट केलेली, खास तुमच्यासाठी केलेली, आणि दाबून काढलेली.

ती यंत्रं दिसायला मोठी देखणी. पितळ आणि तांब्याचा उभा बंब, माथ्यावर पंख पसरलेला गरुड किंवा कळस. मला फोटो बघून पहिल्यांदा आठवला तो आमच्या माहेरचा अंघोळीचा बंब. आणि आतली गोष्टही तीच होती. खाली आच, मध्ये पाणी, वर वाफ. ती वाफ पाण्याला कॉफीतून ढकलायची. दाब किती, तर हवेच्या दाबाच्या दीडपट. आपला कुकर शिटी देतो तेव्हा आत साधारण एकपट जास्तीचा दाब असतो, म्हणजे फार फरक नाही. पण बंद बंबातलं पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ वर जातं आणि एवढं कढत पाणी पुडीवर पडलं की ती करपते. त्या काळची एस्प्रेसो काळीकुट्ट आणि कडवट असायची. आज ज्या दाट, साय धरलेल्या कॉफीला आपण एस्प्रेसो म्हणतो तिचा तेव्हा पत्ताच नव्हता.

हा बंब काढायला सोपा, धुवायला सोपा. तोंड मोठं, नळ्या जाड. चुना साचायचा, पण वाट बंद व्हायला वर्षं लागायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच कोडं आहे.

आता एका बाईचा उल्लेख करते, कारण यंत्रांच्या इतिहासात बायका सहसा कुठे येत नाहीत. मिलानमध्ये क्रेमोनेसे नावाचे एक कारागीर होते. वाफेशिवाय, दट्ट्याने पाणी दाबून कॉफी काढायची, ही कल्पना त्यांनी मांडली. ते वारले. कल्पनेचा हक्क त्यांची पत्नी रोझेत्ता स्कोर्झा यांच्याकडे आला, आणि नवऱ्याचं काम वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते कॉफीगृहवाल्यांना दाखवलं. त्यांतलेच एक आकिल्ले गाज्जा. पुढे १९३८ साली गाज्जांनी स्वतःच्या नावानं पेटंट घेतलं. रोझेत्ताबाईंचं नाव मात्र यंत्रावर कुठेच आलं नाही. मला हे वाचून थोडं वाईट वाटलं, आणि फारसं नवल वाटलं नाही.

मध्ये महायुद्ध आलं. १९४७ साली गाज्जांनी यंत्रात स्प्रिंग आणली. लांब दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दबते आणि दट्ट्याखाली गरम पाणी येतं. दांडा सोडला की स्प्रिंग उघडते आणि दट्ट्या पाणी कॉफीतून रेटतो. दाब एकदम हवेच्या आठ-नऊपट. एवढ्या जोरानं पाणी गेलं की कॉफीतलं तेल आणि वायू मिसळून वर सोनेरी फेस येतो. पहिल्यांदा गिऱ्हाइकांना तो आवडला नाही, ही वर कसली घाण, असं म्हणायचे. मग गाज्जांनी जाहिरात केली, की ही कॉफीची स्वतःची साय आहे. इटालियन भाषेत 'क्रेमा'. तेव्हापासून साय नसेल तर कॉफी बिघडली असं लोक म्हणायला लागले. एकाच फेसाला आधी घाण म्हणायचं आणि मग त्यासाठीच पैसे मोजायचे, हे सगळीकडे सारखंच दिसतं.

पुढचा टप्पा १९६१. फाएमा कंपनीचे एर्नेस्तो व्हालेन्ते यांनी दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. यंत्राचं नाव ई-६१. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, इटालियन भाषेत ग्रहणाला 'एक्लिस्से' म्हणतात, त्यातला 'ई'. ग्रहणाचं नाव यंत्राला द्यायचं आपल्याकडे कुणाच्या मनात आलं नसतं. आक्का तर ऐकून म्हणाल्या, "म्हणूनच त्रास देतंय." (आमचं यंत्र वेगळ्या कंपनीचं आहे हे सांगून उपयोग नव्हता.)

पण ई-६१ मध्ये एक गोष्ट अशी आहे, जी मी आक्कांना मुद्दाम दोनदा वाचून दाखवली. आधीच्या यंत्रांत कॉफीचं पाणी बंबातच तासन् तास उकळत पडायचं. ई-६१ मध्ये बंबातलं पाणी फक्त वाफेसाठी. कॉफीचं पाणी वेगळ्या नळीतून येतं, ती नळी बंबाच्या पोटातून जाते, जाता जाता तापते आणि ताजं पाणी कॉफीवर पडतं. शिळं पाणी नको म्हणून केलेली ही योजना. त्यांचं कारण चव हे होतं, आपलं कारण वेगळं असतं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं, आणि उकळलेल्या पाण्याची चोवीस तास, हे आपल्या घरातल्या मुलींना शाळेत जायच्या आधी पाठ असतं. कारण वेगळं असलं तरी पाणी किती वेळचं आहे हा प्रश्न त्या इटालियन माणसालाही पडला, याचं आक्कांना बरं वाटलं.

मात्र इथेच ते कोडं सुरू झालं. बंबाचं पोट मोठं होतं, नळी बारीक. यंत्र जसजसं सुधारत गेलं तसतशा वाटा अरुंद होत गेल्या, आणि पूर्वी जो चुना नुसता दिसायला वाईट होता तो आता यंत्र बंद पाडायला लागला.

घरगुती यंत्रांची गोष्ट याहून पुढची. इटलीच्या घराघरांत आजही जास्त करून यंत्र नसतं, असते ती मोका. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली काढलेली आठ पैलूंची अॅल्युमिनियमची किटली. खाली पाणी, मध्ये पूड, वर कॉफी. असं सांगतात, की त्या भागातल्या बायका कपडे उकळायला मधोमध नळी असलेलं भांडं वापरायच्या, साबणाचं पाणी नळीतून वर चढून कपड्यांवर पडायचं, ते बघून ही कल्पना निघाली. मोकात बिघडण्यासारखं काय? एक रबराची रिंग, एक जाळी, एक दाब सोडायची झडप. एवढंच. रिंग कडक झाली की बदलायची. कुकर सांभाळणाऱ्या बाईला मोका सांभाळायला कुणी शिकवायला नको. (तिचे एकेकाळचे मालक रेनातो बियालेत्ती २०१६ साली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोकाच्याच आकाराच्या पात्रात ठेवल्या. याला मी आसक्ती म्हणू की निष्ठा, अजून ठरवलेलं नाही.)

गाज्जा कंपनीनं १९५२ च्या सुमारास 'जिल्दा' नावाचं घरगुती दांड्याचं यंत्र काढलं, ला पावोनीचं छोटं 'युरोपिकोला' १९६१ मधलं. पुढे एक लहानसा पंप आला आणि यंत्रं खऱ्या अर्थानं घरात मावायला लागली. त्या पंपात चाक नाही, मोटर नाही. तारेच्या गुंडाळीत एक लोखंडी दट्ट्या असतो, वीज आली की तो थरथरत पुढेमागे होतो आणि पाणी ढकलतो. यंत्र चालू केल्यावर घर्र आवाज येतो तो त्याचाच. आमच्या यंत्राचं झाकण मुलानं उघडलं, तेव्हा पंपावर कंपनीचं नाव होतं: उल्का. इटलीची कंपनी आहे, जगभरच्या घरगुती यंत्रांत तिचे पंप असतात. ग्रहण झालं, आता उल्का. आक्कांना मी ते सांगितलं नाही.

या छोट्या यंत्रांत पाणी तापवण्याची जागा मुठीएवढी, आणि काहींत तर धातूच्या ठोकळ्यातून काढलेली बोरूएवढी वाट. मिलानच्या जुन्या बंबात चुन्याचा थर नखाएवढा झाला तरी काही बिघडत नव्हतं. इथे कागदाएवढा थर झाला की कॉफी थेंबांवर येते. आमचं पाणी बोअरचं. हंडा चार दिवसांत पांढरा होतो, गीझरची कॉईल दोन वर्षांत जाते, मग हे नाजूक यंत्र आठ महिने तगलं हेच विशेष.

चुना येतो कुठून, हे आपल्याला अर्धवट माहीत असतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेतं, त्यामुळे ते किंचित आंबट होतं आणि खडकातला चुना विरघळवून घेतं. थंड पाण्यात तो दिसत नाही. पाणी तापलं की कर्बवायू उडून जातो आणि चुना उघडा पडून भांड्याला धरतो. म्हणजे जिथे पाणी तापेल तिथेच थर बसणार, आणि कॉफीच्या यंत्राचं काम तर पाणी तापवण्याचंच. स्कॉटलंडमध्ये टॉमस क्लार्क नावाचे रसायनाचे प्राध्यापक होते, त्यांनी पाण्याचा जडपणा साबणाच्या फेसावरून मोजायची रीत घालून दिली, आणि पाण्यात हिशोबानं चुन्याची निवळी घालूनच पाण्यातला चुना खाली बसवायची युक्ती काढली. पेटंट १८४१ चं. काट्यानं काटा काढणं ते हेच.

आता पुडी. पुडीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं सायट्रिक अॅसिड. आपण ज्याला लिंबूसत्त्व म्हणतो ते. मी हुश्श केलं. लिंबाचंच आहे की! आक्कांना तसं सांगायला निघाले, आणि म्हटलं पुरतं वाचून घ्यावं. बरं झालं वाचलं.

लिंबाच्या रसातून हे सत्त्व खड्यांच्या रूपात पहिल्यांदा वेगळं काढलं स्वीडनच्या कार्ल शेले यांनी, १७८४ साली. त्यांची रीत मोठी सुंदर आहे. लिंबाच्या रसात चुन्याची भुकटी घालायची. आंबटपणा चुन्याला धरून पांढरा गाळ होऊन खाली बसतो. तो गाळ धुऊन घ्यायचा, मग त्यातून आम्लानं चुना सोडवायचा, उरतं ते शुद्ध सत्त्व. म्हणजे जे सत्त्व आज आपण चुना काढायला वापरतो, ते पहिल्यांदा हाती लागलं चुन्याच्याच मदतीनं. १८२६ पासून इंग्लंडमध्ये त्याचे कारखाने निघाले, आणि त्यांना माल कुठून, तर इटलीतून. सिसिली बेटावरच्या लिंबांच्या बागांतून. विसावं शतक उजाडलं तेव्हा जगाचा लिंबूसत्त्वाचा बाजार जवळजवळ सगळा सिसिलीच्या हातात होता. उत्तर इटलीत कॉफीची यंत्रं घडत होती आणि दक्षिण इटलीत ती साफ करायचं सत्त्व पिकत होतं.

मग पहिलं महायुद्ध झालं, माल येईना, भाव चढले. अमेरिकेत जेम्स करी नावाचे अन्नरसायनतज्ज्ञ होते. १९१७ साली त्यांनी दाखवलं, की एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढवली तर ती भरपूर सायट्रिक अॅसिड तयार करते. ओल्या कांद्यावर, भिंतीवर जी काळी बुरशी येते त्याच जातीची. फायझर कंपनीनं १९१९ साली त्या रीतीनं कारखाना सुरू केला. पुढच्या काही वर्षांत सिसिलीचा धंदा बसला तो कायमचा. आज बाजारात मिळणारं लिंबूसत्त्व, मग ते सरबतातलं असो, फरसाणातलं असो की या पुडीतलं, बुरशीकडून करवून घेतलेलं असतं. नाव लिंबाचं राहिलं, लिंबू गेलं.

तुम्ही म्हणाल, इतकं खोलात कशाला जायचं. पण आपल्याकडे बुरशी म्हणजे अनंतकाय. पावसाळ्यात पापडाच्या डब्यात बुरशी दिसली तर आपण डबा हलवतसुद्धा नाही, जपून बाजूला ठेवतो. आणि इथे ती हंडे भरभरून वाढवायची, काम झालं की गाळून टाकून द्यायची. तयार खड्यांत तिचा कणही उरत नाही, हे खरं आहे, आणि पुष्कळ जणी त्यावर समाधान मानतात. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं ढोकळ्यात घातलंय.

आक्कांना मी सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तर लिंबूच पिळ की, परड्यातलं." तेही शोधलं. लिंबाच्या रसात सत्त्व असतं साधारण पाच-सहा टक्के, पण सोबत साखर आणि गर असतो, तो नाजूक नळीत अडकतो आणि आंबतो. म्हणजे एक घाण काढून दुसरी घालणं. सिरका तर आंबवलेलाच, तो दारातच बाद.

शेवटी आक्कांनीच वाट काढली. जे भाग सुटे होतात, म्हणजे तोंडाची जाळी, वाटी, वाफेच्या नळीचं टोक, ते घरच्या लिंबाच्या गाळलेल्या रसात बुडवायचे. आणि आतल्या नळीसाठी एकदा पुडी वापरायची, पण त्या पंधरवड्यात आपण कॉफी घ्यायची नाही. "घाण केलीय तर एकदा धुवावी लागंल. पुन्हा लागू नये असं बघ." अष्टमी, चतुर्दशी धरून पंधरा दिवस त्यांनी कॉफी सोडली. पुडी मी चालवली, लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम, तीही थंड पाण्यात. हे जपा, कारण चुना आणि सायट्रिक यांचा जो गाळ होतो तो कढत पाण्यात कमी विरघळतो, आणि उकळतं घातलं तर नळीतच जाऊन बसतो. आणि यंत्राचा बंब अॅल्युमिनियमचा असेल तर आधी माहितीपत्रक वाचा, आम्ल त्याला खातं. मग चार टाक्या साधं पाणी सोडलं. पहिल्या टाकीला पांढरे कपचे आले, चौथीला काचेसारखं पाणी. धार पूर्ववत झाली. ज्या यंत्राला नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं, ते ऐंशी रुपयांच्या पुडीत सुटलं.

पुन्हा लागू नये, याचं उत्तर मात्र आमच्याच ओट्यावर होतं, आणि त्याचा मला जास्त आनंद झाला. आमच्याकडे प्यायचं पाणी गाळून, उकळून ठेवतात. उकळताना पाण्यातला पुष्कळसा चुना तपेल्यालाच धरतो, तो पांढरा थर आपण रोज घासतो. म्हणजे तपेल्यातलं निवळलेलं, वरचं पाणी अलगद ओतून घेतलं तर त्यात चुना आधीच कमी झालेला असतो. मुलगा यंत्रात नळाचं पाणी घालायचा, कारण "तापणारच आहे ना आत". आता मी प्रासुक पाणीच घालते, दुहेरी फडक्यातून गाळून, आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून पालथी घालते. सगळा चुना याने जात नाही, काही प्रकारचा जडपणा उकळून हटत नाही. पण दोन वर्षं झाली, धार तशीच आहे आणि दुसरी पुडी लागलेली नाही. काही जणी आरओचं पाणी घालतात. त्यात चुना नसतो खरा, पण अगदी कोरं पाणी काही यंत्रांच्या आतल्या खुणेला ओळखूच येत नाही, टाकी भरलेली असून यंत्र पाणी नाही म्हणत बसतं, आणि कॉफीही मिळमिळीत लागते.

ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. कॉफी थेंब थेंब आली की लगेच चुन्याला बोल लावू नका. दांड्याची वाटी काढा आणि नुसतं पाणी सोडा. पाणी मोकळं पडलं तर दोष पुडीचा, फार बारीक दळलीय किंवा फार दाबलीय. नुसतं पाणीही रडत आलं तर जाळी तुंबलीय किंवा आत चुना आहे. वाटीच्या कडेनं पाणी गळत असेल तर रिंग कडक झालीय, कुकरसारखीच बदला. पंप नुसताच ओरडतो आणि पाणी नाही, तर बहुधा हवा अडकलीय, वाफेची चावी उघडून गरम पाण्याच्या वाटेनं थोडं पाणी काढा. कॉफीला खवट वास आला तर तेल साठलंय. ज्या यंत्राला कॉफी झाल्यावर दाब सोडणारी झडप आहे, फक्त त्यातच बिनभोकाची वाटी लावून उलटं धुवायचं. त्याची पावडर मुख्यतः धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून केलेली असते, तिथे बुरशीचा प्रश्न नाही. दुधाची नळी प्रत्येक वेळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. आत ओढलं गेलेलं दूध तसंच राहिलं तर पुढच्या कपात काय जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. टोकाचं भोक बुजलं तर स्टोव्हची पिन चालते.

स्टोव्हवरून आठवलं. रिंगांना लावायला जे वंगण मिळतं, त्याबद्दलही आक्कांनी विचारलंच. पूर्वी वाफेच्या इंजिनांना चरबी लावायचे, हे त्यांना कुठून माहीत कोण जाणे. मी दुकानात तीनदा विचारून सिलिकॉनचं, खाण्याच्या यंत्रांना चालणारं घेतलं. ते दाखवल्यावर म्हणाल्या, "आमच्या लग्नात आलेल्या पितळी स्टोव्हच्या पंपाला चामड्याचा वायसर होता. चार वर्षं त्यावर सैपाक केला, मग कळलं. तवापास्नं विचारते."

मला हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. तो स्टोव्ह अजून माळ्यावर आहे. मी काढून बघितला, पंपाचा दांडा ओढला, आत वायसर नव्हताच. दांड्याच्या टोकाला सुतळी गुंडाळून गाठ मारलेली होती.

"चालायचा का त्यावर?" मी विचारलं.

"फुसफुसायचा," आक्का म्हणाल्या. "चार वाजले, कॉफी ठेव."